गावच्या बारवेसाठी अनुदान मागायचे आहे: सुरुवात कोठून करावी

गावाबाहेरच्या जुन्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, पिंपळ-उंबर रुजले आहेत, पायऱ्यांचे चिरे निखळले आहेत, कोणीतरी निर्माल्याच्या पिशव्या नेमाने आत टाकत आहे, आणि गावातील दहा-पंधरा तरुण दर रविवारी फावडी-घमेली घेऊन साफसफाईला उतरू लागले आहेत, असे चित्र मराठवाड्यापासून साताऱ्यापर्यंत अनेक ठिकाणी दिसते. श्रमदानाने झाडोरा निघतो आणि वरचा गाळही निघतो. परंतु फुगलेली भिंत उतरवून पुन्हा रचायची म्हटले की पाथरवट, चुना, पंप, मचाण आणि जाणकार वास्तुविशारद यांचा खर्च समोर उभा राहतो आणि पारावर ‘कुठून तरी अनुदान मिळते म्हणे’ अशी चर्चा सुरू होते. त्या चर्चेनंतर प्रत्यक्षात काय करायचे, हे पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे. उदाहरण बारवेचे घेतले असले तरी जुने वाचनालय, समाधी, वेस किंवा मोडी कागदपत्रांचे दप्तर यांनाही बहुतेक भाग लागू पडेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. अर्ज वाचणारा मनुष्य बारवेच्या सौंदर्याच्या वर्णनावर फार वेळ थांबत नाही. ती कोणाच्या मालकीची आहे आणि पैसे संपल्यानंतर तिच्याकडे कोण पाहणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे तो आधी शोधतो. बहुसंख्य अर्ज तेथेच अडतात, आणि म्हणूनच पुढील पहिल्या दोन टप्प्यांत अनुदानाचा अर्ज कोठेच येत नाही.

पहिला टप्पा: बारव कोणाची आहे?

‘बारव गावाची आहे’ हे उत्तर कागदावर टिकत नाही. बारव शेतात असेल तर त्या गटाचा सातबारा काढावा आणि मालकाच्या नावाबरोबरच इतर हक्काचा रकाना नीट वाचावा, कारण जुन्या विहिरींवर अनेकदा दोन-तीन कुटुंबांचे हिस्से तेथे नोंदलेले असतात. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा लागतो आणि सिटी सर्व्हे झालेला असल्यास मालमत्ता पत्रकही लागते. उताऱ्यावरील मालक हयात नसेल तर आधी वारसनोंद होऊन फेरफार मंजूर व्हावा लागतो, आणि त्याला काही महिने लागू शकतात. जमीन देवस्थान इनामाची असेल तर देवस्थानाचे विश्वस्त, महसूल खाते आणि प्रसंगी धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जमीन खासगी असेल तर मालकाचे तोंडी ‘करा की, माझं काय जातंय’ पुरत नाही. काम करू देणे, काम झाल्यावर लोकांना येण्या-जाण्याचा रस्ता खुला ठेवणे आणि ठरावीक वर्षे वास्तूत बदल न करणे, या गोष्टी स्टॅम्प पेपरवरील करारात आणाव्यात आणि तो करार नोटरीकडून साक्षांकित करून घ्यावा. खासगी मालमत्तेवर सार्वजनिक पैसा का खर्च करावा, असे निधी देणारा विचारणारच आहे, आणि हा करार हेच त्याचे उत्तर असते.

त्यानंतर वास्तू संरक्षित आहे काय, हे तपासावे. केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा महाराष्ट्राचा कायदा. संरक्षित स्मारकावर गावकऱ्यांनी परवानगीशिवाय एक चिरादेखील हलवू नये, मग हेतू कितीही चांगला असो. बारव स्वतः असंरक्षित असली, तरी जवळच एखादे केंद्र संरक्षित लेणे किंवा मंदिर असू शकते. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र विनियमित असते, त्यामुळे तेथेही परवानगीचा प्रश्न येतो. आपल्या विभागाच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे लेखी अर्ज करून ‘ही वास्तू संरक्षित यादीत नाही’ असे पत्र मिळवावे. हे पत्र फुकट मिळते आणि अर्जाच्या फायलीत त्याचे वजन मोठे असते.

या टप्प्यातील शेवटचा कागद म्हणजे ग्रामसभेचा ठराव होय. ‘बारवेचे संवर्धन करण्यास मंजुरी देण्यात येत आहे’ एवढ्या एका ओळीचा ठराव निरुपयोगी ठरतो. ठरावात बारवेचा गट क्रमांक, काम करणाऱ्या संस्थेचे नोंदणीकृत नाव, काम पूर्ण झाल्यावर स्वच्छता आणि देखभाल कोण करणार आणि त्यासाठी ग्रामपंचायत दरवर्षी किती तरतूद करणार, हे चारही मुद्दे असावेत. ही तरतूद वर्षाला पाच हजारांची असली तरी चालते. आकडा लहान असला तरी तो कागदावर असणे महत्त्वाचे आहे.

दुसरा टप्पा: अर्ज कोण करणार?

व्हॉट्सॲपवरील गट कितीही उत्साही असला तरी त्याला अनुदान मिळत नाही. महाराष्ट्रात अशा कामासाठी संस्था साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याबरोबर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी हाही एक मार्ग आहे. संस्थेचे पॅन, स्वतंत्र बँक खाते, किमान तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आयकर खात्याकडील नोंदणी आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील ओळख क्रमांक हे सर्व हाताशी असावे. आयकराची ही करसवलतीची नोंदणी बोलण्यात अजूनही ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ या १९६१ च्या कायद्यातील नावांनीच ओळखली जाते. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून फॉर्म भरताना सनदी लेखापालाकडून नेमका क्रमांक विचारून घ्यावा.

येथे स्वतःच्या फजितीची एक हकीकत सांगतो. आम्ही पहिला अर्ज केला तेव्हा प्रस्ताव उत्तम होता, नकाशे होते, ठराव होता; तरीही दीड महिन्याने फाईल परत आली. कारण एवढेच की धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकच्या, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर आमच्या सात विश्वस्तांपैकी दोघे दिवंगत होते आणि अर्जावर सही करणाऱ्या खजिनदाराचे नाव त्या उताऱ्यावर नव्हतेच. कायद्याप्रमाणे विश्वस्तांतील बदलाचा अहवाल, ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात, तो बदलानंतर ९० दिवसांत द्यायचा असतो. आम्ही तो सहा वर्षे दिलेला नव्हता. त्यानंतर विलंब माफीचा अर्ज, ठरावांच्या प्रती, मृत्यूचे दाखले आणि तारखा यांत एक अख्खा हंगाम गेला. म्हणून नवख्यांना माझे पहिले सांगणे हेच असते की आजच परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा आणि त्यावरील नावे हयात आहेत का ते पाहा. त्याच वेळी पॅन कार्ड, बँकेचे पासबुक आणि नोंदणी प्रमाणपत्र शेजारी ठेवून संस्थेचे नाव तिन्हीकडे अक्षरशः एकच आहे ना, हेही तपासा. एकीकडे ‘मंडळ’ आणि दुसरीकडे ‘मंडळ ट्रस्ट’ असेल तर पैसे मंजूर होऊनही खात्यात जमा होताना अडकतात.

संस्था अगदी नवी असेल तर लाजण्याचे कारण नाही. जुन्या, चांगला हिशेब असलेल्या संस्थेला मुख्य अर्जदार करावे आणि आपण स्थानिक भागीदार व्हावे. या भागीदारीचाही लेखी करार करावा आणि पैसा कोणाच्या खात्यात येईल, बिलांवर सही कोणाची असेल, हे त्यात लिहून ठेवावे. मैत्री जितकी जुनी, तितका हा कागद अधिक आवश्यक असतो.

तिसरा टप्पा: योग्य दार निवडणे

निधीचे स्रोत अनेक आहेत, परंतु प्रत्येकाचे दार वेगळ्या मापाचे आहे.

शासनाकडे जिल्हा नियोजन समितीच्या माध्यमातून जिल्हा वार्षिक योजनेतील निधी असतो, आणि गड-किल्ले, मंदिरे व महत्त्वाची संरक्षित स्मारके यांच्या संवर्धनासाठी त्यातील काही भाग राखून ठेवण्याची तरतूद आहे. हा पैसा संस्थेच्या खात्यात येत नाही, तर तो शासकीय यंत्रणेमार्फत खर्च होतो. यात धोका असा की मोजमापाच्या पुस्तकात बसणारे काम म्हणजे सिमेंट काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि स्टीलचे कठडे, असा अनेक कार्यालयांचा समज असतो. हा मार्ग घ्यायचा असेल तर अंदाजपत्रकात चुन्याचे काम आणि संवर्धन सल्लागाराची देखरेख या बाबी आधीच लिहून घ्याव्यात, कारण नंतर सांगून उपयोग होत नाही. खासदार निधीच्या बाबतीत धार्मिक स्थळांच्या आतील कामे वर्ज्य आहेत, हेही ध्यानात ठेवावे. बारवेत देवकोष्ठ (मूर्तीचा कोनाडा) असणे वेगळे आणि बारव मंदिराच्या आवारात असणे वेगळे.

राज्य संरक्षित स्मारक असेल तर ‘महाराष्ट्र वैभव’ या नावाने ओळखली जाणारी स्मारक संगोपन योजना आहे, ज्यात संस्था किंवा कंपनी शासनाशी करार करून स्मारकाची काळजी घेते. केंद्र सरकारच्या बाजूने १९९६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी आहे. त्यामार्फत देणगीदार विशिष्ट कामासाठी पैसे देऊ शकतो. संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेतील अनुदाने मात्र मुख्यतः सादरीकरण, महोत्सव, संशोधन आणि परंपरा यांच्यासाठी असतात. गावातील वाघ्या-मुरळी, गोंधळ किंवा दशावताराची परंपरा नोंदवायची असेल तर तेथे जावे, दगडी भिंतीसाठी नव्हे.

लहान संस्थांना सर्वांत जवळचे दार बहुधा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीचे असते, आणि म्हणून ते थोडे तपशिलाने पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा पैसा कोणत्या कामांवर खर्च करता येतो, ते त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिले आहे आणि तिच्या पाचव्या बाबीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे रक्षण, ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती व स्थळांचा जीर्णोद्धार आणि सार्वजनिक वाचनालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्जात या बाबीचा क्रमांक लिहिल्यास कंपनीच्या समितीचे काम हलके होते. बारवेच्या बाबतीत जलसंधारणाशीही संबंध जोडता येतो, पण दोन घोड्यांवर बसण्यापेक्षा एकच बाब निवडून तिच्यावर ठाम राहावे.

संस्थेला असा निधी घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो १ एप्रिल २०२१ पासून अनिवार्य झाला आहे. त्याचबरोबर तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. आपल्या तालुक्यात किंवा शेजारच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या कंपन्यांकडे आधी जावे, कारण कायदाच कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे सांगतो.

परदेशातील पैशाविषयी एक इशारा द्यायला हवा, कारण गावोगावी हीच चूक होताना दिसते. अमेरिकेत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेला गावचा मुलगा बारवेसाठी पैसे पाठवतो म्हणतो. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. मात्र त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड) असले तरीही, ती परदेशी देणगी ठरते आणि २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. नियमित नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षे झालेली असावी लागतात, त्या काळात किमान १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले असावे लागतात, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. जुन्या दप्तरांच्या डिजिटायझेशनसाठी ब्रिटिश लायब्ररीच्या लुप्तप्राय अभिलेख कार्यक्रमासारखी अनुदाने आहेत. त्यांत मूळ कागद आपल्या देशातच राहतात, हे चांगले. पण परदेशातून येणाऱ्या निधीचा कायदा त्यांनाही लागू होतो.

चौथा टप्पा: लिहिण्याआधी मोजणे

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी बारवेत उतरावे लागते. चार-पाच जागा ठरवून, तेथे रंगाचा लहान ठिपका न देता फक्त टेपने अंतर मोजून, प्रत्येक जागेवरून छायाचित्रे घ्यावीत आणि चित्रात मोजपट्टी दिसेल असे पाहावे. याच जागांवरून काम चालू असताना, काम संपल्यावर आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा छायाचित्रे घ्यायची आहेत. पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी एका ठरावीक पायरीपासून मोजून वहीत लिहावी. वर्षभराची अशी वही अर्जाला जोडली, तर दहा पानांच्या प्रस्तावनेपेक्षा ती अधिक बोलते.

त्यानंतर संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून मोजमापाचे नकाशे आणि स्थिती-अहवाल करून घ्यावा. यासाठी खिशातून थोडा खर्च होतो. वास्तुशास्त्र महाविद्यालयांचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली नकाशे करून देतात, तोही मार्ग आहे. इन्टॅक या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या वारसा-संवर्धन संस्थेच्या जिल्हा शाखा सल्ल्यासाठी उपयोगी पडतात, आणि असंरक्षित वारशाच्या संवर्धनासाठी तिने २००४ मध्ये स्वीकारलेली सनद अर्जातील कार्यपद्धतीला आधार म्हणून देता येते.

स्थिती-अहवालात ‘बारव मोडकळीस आली आहे’ असे लिहू नये. ‘पूर्वेकडील भिंतीचा तिसऱ्या ते नवव्या थरापर्यंतचा भाग सुमारे सव्वादोन मीटर लांबीत पुढे फुगला असून, त्यामागे उंबराची मुळे आहेत’ असे लिहावे. नुकसान कोठे आहे, केवढे आहे आणि त्याचे कारण काय, हे ज्या वाक्यात येते तेच वाक्य पुढे अंदाजपत्रकातील एका ओळीचा पाया बनते.

पाचवा टप्पा: प्रस्ताव लिहिणे

बारवेचे महत्त्व सांगणारा परिच्छेद एक पानाहून मोठा नसावा. बारव एका प्रवेशाची म्हणजे नंदा प्रकारची आहे की दोन, तीन, चार प्रवेशांची म्हणजे भद्रा, जया, विजया प्रकारची; देवकोष्ठांत मूर्ती आहेत का; मोटेचे पाणी ओतण्याचे थारोळे शिल्लक आहे का; शिलालेख असेल तर त्याचे वाचन कोणी केले, हे लिहावे. पांडवांनी एका रात्रीत बांधली ही आख्यायिका अवश्य लिहावी, परंतु आख्यायिका म्हणून. पुरावा नसताना ‘यादवकालीन’ किंवा ‘अहिल्यादेवींनी बांधलेली’ असे ठोकून देण्याचा मोह फार असतो. तज्ज्ञ वाचकाने ते एक वाक्य पकडले की पुढच्या सगळ्या वाक्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

कार्यपद्धतीच्या परिच्छेदात काय करणार याबरोबर काय करणार नाही, हेही लिहावे. दरजांमध्ये, म्हणजे चिऱ्यांमधील सांध्यांत, सिमेंट भरणार नाही, कारण सिमेंट ओल आत कोंडते आणि क्षार बाहेर पडताना दगडाचा पापुद्रा सुटतो. मूर्तींवर ऑइलपेंट देणार नाही. मूळ रचाई कोरडी असेल तेथे चुनाही घालणार नाही. मचाण कसे उभारणार, निखळलेल्या चिऱ्यांवर खडूने क्रमांक घालून ते कोठे मांडून ठेवणार, चुना किती दिवस भिजवणार आणि चुना मळण्याची घाणी कोठे बसवणार, एवढे लिहिले की वाचणाऱ्याला समजते की या लोकांनी काम डोळ्यांपुढे आणून पाहिले आहे.

गाळ उपसण्याविषयी एक कायदेशीर बाब प्रस्तावातच नमूद करावी. गाळात नाणी, मूर्ती किंवा मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ‘अशी वस्तू सापडल्यास काम थांबवून, जागेवरच पंचनामा करून तहसील कार्यालयास व पुरातत्त्व विभागास त्याच दिवशी कळवले जाईल’ हे वाक्य लिहावे आणि पुढे ते पाळावेही. सापडलेली मूर्ती परस्पर उचलून मंदिरात बसवण्याची गावकऱ्यांची घाई समजण्याजोगी आहे, पण त्याने संस्था गुन्ह्यात अडकू शकते.

सहावा टप्पा: अंदाजपत्रक

वाचणारा माणूस प्रस्ताव शेवटून वाचतो, म्हणजे आधी अंदाजपत्रक पाहतो. त्यात ‘बारव दुरुस्ती: ६,००,०००’ आणि ‘इतर खर्च: १,५०,०००’ अशा दोन ओळी दिसल्या की अर्ज बाजूला पडतो. प्रत्येक ओळीत परिमाण, दर आणि रक्कम हवी. उदाहरणार्थ, फुगलेली भिंत उतरवून रचणे, १४ चौरस मीटर, अमुक दराने. पाथरवट दोघे, ४० दिवस, अमुक रोजाने. बिगारी चौघे, ४० दिवस. चुनखडी, वाळू आणि विटांचा चुरा यांचे वजन. पंपाचे भाडे आणि डिझेल, २५ दिवस. दर कोठून घेतला तेही लिहावे, म्हणजे शासकीय दरसूचीतून की कोटेशनमधून. चुन्याच्या घाणीचे किंवा घडीव चिऱ्यांचे दर सर्वसाधारण दरसूचीत नीट बसत नाहीत, म्हणून अशा कामांसाठी तीन कोटेशने जोडणे सोयीचे जाते. गावात तीन पाथरवट नसतील तर शेजारच्या तालुक्यातून कोटेशन आणावे, पण एकाच्याच हस्ताक्षरातील तीन कागद कधीही जोडू नयेत. ते ओळखू येतात.

नवखे लोक जे खर्च हमखास विसरतात ते असे: ठेकेदाराच्या बिलावरील जीएसटी, मजुरांचा विमा, पावसापासून झाकण्यासाठी ताडपत्री, नोंदी आणि छायाचित्रण, लेखापरीक्षकाचे शुल्क, आणि काम संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाची देखभाल. अनपेक्षित खर्चासाठी ५ ते १० टक्के तरतूद ठेवायला हरकत नसते, मात्र तिचे नाव ‘आकस्मिक खर्च’ असावे आणि ती कोणाच्या मंजुरीने वापरली जाईल ते लिहावे. जुन्या भिंतीच्या पोटात काय आहे, हे ती उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, एवढे कारण त्यासाठी पुरे आहे.

गावाचा वाटा स्वतंत्र रकान्यात दाखवावा. श्रमदानाची किंमत धरायची असेल तर स्थानिक मजुरीच्या दराने धरावी आणि त्यासाठी हजेरीपट ठेवावा. ट्रॅक्टर कोणी फुकट दिला तर त्याचे पत्र घ्यावे. रोख वाटा थोडा का होईना, असावा. घरटी शंभर-दोनशे रुपयांची पावतीपुस्तके फायलीत असली की गाव कामात आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पैसा एकाकडून, मालकी दुसऱ्याची आणि ज्ञान तिसऱ्याकडे, अशी रचना असेल तर त्रिपक्षीय करार करावा. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धारासाठी २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक यांच्यात असाच करार झाला होता, आणि त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च दर्जाचा संवर्धन पुरस्कार मिळाला. बारवेचे काम त्यापुढे चिमूटभर असले तरी कोणी काय द्यायचे आणि कोणी काय सांभाळायचे, ही विभागणी तीच असते.

सातवा टप्पा: वेळ

बारवेचे काम पाणी उतरल्यावरच होते, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे. चुन्याला वाळायला संथ वेळ लागतो आणि वळवाचा पहिला पाऊस ताज्या दरजा धुऊन नेतो. म्हणून ज्या उन्हाळ्यात काम करायचे, त्याच्या आधीच्या पावसाळ्यातच अर्ज गेलेला असावा. कंपन्यांचे आर्थिक वर्ष मार्चअखेरीस संपते, आणि जानेवारीत ‘तातडीने प्रस्ताव पाठवा’ असा फोन येऊ शकतो. तेव्हा फाईल तयार असलेल्या संस्थेला काम मिळते. अर्ज दिल्यावर पोचपावती घ्यावी, महिन्याने एक नम्र स्मरणपत्र द्यावे, आणि नकार आला तर कारण लेखी विचारावे. पुष्कळ ठिकाणी कारण सांगतात, आणि तेच कारण पुढच्या अर्जात सर्वांत आधी दुरुस्त करायचे असते.

आठवा टप्पा: मंजुरीनंतर

मंजुरीपत्र आले की गुलाल उधळण्याआधी त्यातील अटी दोनदा वाचाव्यात. पैसे बहुधा हप्त्यांनी येतात आणि पहिल्या हप्त्याचा हिशेब दिल्याशिवाय दुसरा मिळत नाही. अनुदानासाठी स्वतंत्र खाते किंवा निदान स्वतंत्र खातेवही ठेवावी. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख देऊ नये, कारण तो खर्च आयकराच्या हिशेबात अडचणीचा ठरतो. पाथरवटाला धनादेश नको असेल तर त्याचे बँक खाते उघडून देण्यात अर्धा दिवस घालवावा. ठरलेल्या कामात बदल करायचा असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी आणि मग काम करावे.

केंद्र शासनाचे अनुदान असेल तर खर्च झाल्यावर सामान्य वित्तीय नियमांतील जीएफआर १२-अ या नमुन्यात विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. खात्यात पडून राहिलेल्या रकमेवर व्याज मिळाले असेल तर ते संस्थेचे होत नाही; ते परत करायचे असते. शिल्लक राहिलेली रक्कमही परत करावी किंवा ती कोणत्या बाबीसाठी वापरायची याची मंजुरी मागावी.

अंतिम अहवालात ठरलेल्या जागांवरून घेतलेली आधीची आणि नंतरची छायाचित्रे, पाण्याच्या पातळीची वही, हजेरीपट आणि कामाचे नकाशे जोडावेत. त्यात जे जमले नाही तेही लिहावे. नियोजित चाळीसपैकी सहा पायऱ्यांचे चिरे सापडले नाहीत आणि म्हणून तेथे नवे दगड बसवून त्यांवर वर्ष कोरले, असे लिहिल्याने काही बिघडत नाही. अहवाल देऊन झाल्यावर पुढच्या ऑक्टोबरमध्ये, पावसाळा उलटल्यावर, त्याच जागांवरून पुन्हा छायाचित्रे घ्यावीत आणि एका पानाच्या पत्रासोबत ती निधी देणाऱ्याला पाठवावीत. ही कोणी मागितलेली नसतात. आमच्या बारवेच्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे अशाच एका पत्राला आलेल्या उत्तरातून आले.